चौदाव्या स्क्रीनवरचा दोब्रिन

सोमवार, २१ ऑक्टोबर. सकाळी ९.१०

आतापर्यंत काय झालं. फक्त घटना.

१. २ सप्टेंबरला कारखान्याचं सुरक्षा प्रशिक्षण ऑनलाइन सुरू झालं. तयार मी केलं. आवाजही माझा.
२. कारखाना प्लग आणि स्विच जुळवतो. प्रशिक्षणाची खाती ६२. त्यांतल्या १९ जणांना दिसत नाही.
३. याआधी दरवर्षी फोरमन बोंचोकाका नियम मोठ्याने वाचायचे आणि सगळे वहीत सही करायचे. न दिसणाऱ्यांसाठी काका सहीच्या ओळीखाली पट्टी धरायचे. ही पद्धत बंद.
४. अपंगांना कोर्स वापरता येतो की नाही, याची तपासणी सॉफ्टवेअरने केली. १०० पैकी १००.
५. ३० नोव्हेंबरपर्यंत ज्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल, त्याला १ डिसेंबरपासून कामावर घेणार नाहीत. नियम राजधानीतल्या, सोफियातल्या मुख्य ऑफिसचा. सुचवला मी.
६. पूर्ण केलेले: ६१.
७. उरलेला एक, दोब्रिन काराइव्हानोव्ह, १५ सप्टेंबरला वारला.

म्हणजे खरं तर शंभर टक्के. डिसेंबरात सोफियाला परत.

ही वही कामाच्या नोंदींपुरती. भावना लिहायच्या नाहीत.

एक किरकोळ नोंद. दोब्रिनचं खातं शेवटचं कधी उघडलं: आज, सकाळी ६.१०.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

फाटकावर दोब्रिनची शोकपत्रिका चिकटवली आहे. चाळीस दिवस झाले म्हणून. फोटो, नाव, खाली ‘शोकाकुल पत्नी वेला’. इथे, स्लिवेन गावात, खांब, दारं, बसथांबे, सगळीकडे असे चेहरे. माणूस गेल्यावर जास्त दिसतो.

बोंचोकाका छोट्या प्लॅस्टिकच्या पेल्यांतून उकडलेले गहू वाटत होते, वर साखर. वेलामावशीने पाठवलेले. मी पेला घेतला आणि थँक्यू म्हटलं. काका म्हणाले, “थँक्यू म्हणत नाहीत पोरी, देव त्याला क्षमा करो म्हणतात. सोफियावाल्यांना मेल्याचेही आभारच मानायचे असतात काय?”

मला माहीत होतं. घाईत होते.

पेला टेबलाच्या खणात ठेवला. नंतर खाईन.

दोब्रिनचं खातं: आजही ६.१० ते ६.५४. सगळा वेळ चौदाव्या स्क्रीनवर. सप्टेंबरच्या अखेरीपासून रोज. बॉट असणार. असे बॉट असतात.

सोमवार, २८ ऑक्टोबर

बॉटचा अभ्यास केला. निरीक्षणं:

शनिवार-रविवारी येत नाही. सुट्टी घेणारा बॉट.

सर्व्हरचं घड्याळ चुकत असेल, हा दुसरा तर्क. तो तपासायची संधी आपोआप मिळाली, कारण काल देशभर घड्याळं एक तास मागे घेतली. चूक सर्व्हरची असती तर आजची नोंद ५.१० ची यायला हवी होती.

नोंद ६.१० ची आली. म्हणजे जे काही आहे, ते आमच्यासारखंच घड्याळ मागे करून झोपलं.

तिसरा तर्क उद्या शोधते. पत्रिकेवरचा फोटो फाटकातून आत येताना सरळ माझ्याकडे बघतो. फोटो सगळ्यांकडेच बघतात. दोब्रिनला तर दिसतही नव्हतं. यात लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

आजपासून दोब्रिनचं खातं बघायचं नाही. त्याऐवजी चांगले आकडे बघायचे.

चौदावी स्क्रीन माझी सर्वांत आवडती. विजेच्या पेटीला आग लागलेली आहे, शेजारी चार अग्निशामक नळकांडी. योग्य नळकांडं माऊसने उचलून आगीवर ओढायचं, की आग विझते आणि ‘पुढे’चं बटण उमटतं. सोफियात सगळ्यांनी कौतुक केलं होतं. इथल्या न दिसणाऱ्या अठरा जणांनी या स्क्रीनवर सरासरी किती वेळ घेतला? चार सेकंद. दिसणाऱ्यांनी अकरा. मोठ्या साहेबांना कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

जुने मेल आवरताना दोब्रिनचे दोन सापडले. ५ सप्टेंबरचा: चौदाव्या स्क्रीनवर मी अडकतो, पुढचं काही ऐकू येत नाही. त्याला मी त्याच दिवशी १०० पैकी १०० चा दाखला जोडून उत्तर दिलं होतं. दुसरा ११ सप्टेंबरचा, न उघडलेला.

उघडला नाही. गेलेल्या माणसाचा पत्रव्यवहार खासगी असतो.

शनिवार, २ नोव्हेंबर

पितरांचा शनिवार. घरमालकीण गहू, वाइन आणि मेणबत्त्या घेऊन स्मशानात निघाली. जाताना म्हणाली, “तुझं कोणी आहे का गं इथे, तर त्याच्या नावाची एक मेणबत्ती लावते.” मी म्हटलं, या गावात माझं कोणी नाही. ती म्हणाली, “मग इतकी पांढरी का पडलीस?”

झोप कमी झाली आहे. पडदे बदलायला हवेत.

खात्यावर आज नोंद नाही. बघितलं नव्हतं. सहज दिसलं.

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ७.३०

तांत्रिक कारणासाठी आज लवकर गेले. कामगारांचा कॉम्प्युटर जेवणाच्या हॉलमध्ये, कोपऱ्यात आहे. ६.१२ ला मी हॉलच्या दाराशी होते. आत दिवा नव्हता. मिट्ट काळोख. त्या काळोखात कोणीतरी बोलत होतं.

बोलत होते मी.

“सुप्रभात, दोब्रिन. तुम्ही चौदाव्या स्क्रीनवर आहात.”

माझाच आवाज. खाती उघडली गेल्यावर त्यांची बासष्ट नावं मी एका दुपारी रेकॉर्ड केली होती, प्रत्येकाला नावाने हाक मिळावी म्हणून. हे ५८वं. नावाच्या शेवटी मी थोडी हसले होते, ते तसंच राहिलं आहे. मग शांतता. मग कळा दाबल्याचा आवाज, सावकाश, एकाच वेगाने. मग पुन्हा मी: “सुप्रभात, दोब्रिन.”

दिवा लावणार होते. पण फोन वर टेबलावर राहिल्याचं आठवलं, म्हणून परत फिरले.

फोन खिशात होता. तरी वर जाऊन टेबल बघून घेतलं. बोंचोकाका जिन्यात भेटले. म्हणाले, “धावतेस कशाला? अजून चाळिसाव्यालासुद्धा वेळ आहे तुझ्या.” मी धावत नव्हते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दोब्रिनचं खातं बंद केलं. दुपारी ३.०५. कारणं: १. नसलेल्या व्यक्तीचं खातं चालू ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीने चूक. २. दुसरं कारण लागत नाही.

बंद करण्याआधी पडताळा घेतला. कार्यालयाची या महिन्याची ताजी यादी: ६२ नावं. सिस्टिममधली खाती: ६२. जुळलं. मग बंद केलं. आता खाती ६१, पूर्ण ६१. यादीत अजून ६२ आहेत, म्हणजे कार्यालयाने दोब्रिनचं नाव काढलेलं नाही. त्यांचा गलथानपणा. नावं एकेक करून ताडून बघितली नाहीत, आकडा जुळत असताना ते वेळ घालवणं ठरलं असतं.

हलकं वाटतंय. सोफियाचं तिकीट बघून ठेवलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काल नोंद नाही. आज नोंद नाही. सिस्टिम स्वच्छ.

दोन्ही दिवस गजर न लावता ६.१० ला जाग आली. शरीराला सवय लागते, शास्त्रीय गोष्ट आहे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बोंचोकाका न ठोठावता आत आले. टोपी काढली नाही. म्हणाले, “वेलाला बाहेर कोणी काढलं?”

कोण वेला, मी विचारलं.

“कोण वेला म्हणे. जिचे गहू खाल्लेस ती.”

मी खाल्ले नव्हते. पण ते बोलले नाही.

हकिगत अशी. वेला काराइव्हानोव्हा दोब्रिनच्या शेजारच्या टेबलावर सत्तावीस वर्षं स्विच जुळवते. तिलाही दिसत नाही. दोघांचा मेलचा पत्ता एकच, दोब्रिनच्या नावाचा. मी विचारलं, दोन का नाहीत? काका म्हणाले, “घर एक, चूल एक, मेल दोन कशाला? एकमेकांना पत्रं लिहायला?”

माझी सिस्टिम एका पत्त्यावर एकच खातं देते. वेलामावशीने सप्टेंबरात नोंदणीचा प्रयत्न केला. ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ असं उत्तर मिळालं. ते लाल अक्षरांत येतं, वाचून दाखवलं जात नाही. आत्ता तपासलं. तेव्हापासून ती नवऱ्याच्या खात्यातून जाते आहे.

म्हणजे शुक्रवारची बासष्ट माणसं आणि बासष्ट खाती ही एकाच लोकांची नव्हती. यादीत ती होती, तो नव्हता. सिस्टिममध्ये तो होता, ती नव्हती.

मग मी विचारलं, बाकीच्या अठरा जणांना जमलं, तिलाच का जमेना?

काका म्हणाले, “अगं, ते नळकांडं अठराही वेळा मीच ओढलंय. पूर्वी पट्टी धरायचो, आता माऊस धरतो. एवढाच काय तो तुझा बदल. खांदा धरलाय माझा.”

चार सेकंद.

“वेला तेवढी हात लावू देत नाही. दोब्रिनने तिच्या डोक्यात भरवून ठेवलंय, खरंच आग लागली तर बोंचो काय माऊस घेऊन धावणार आहे? म्हणून मी यायच्या आधीच येते आणि एकटीच झगडते. तीस तारखेनंतर तिला फाटकाबाहेर उभी करणार आहात ना?”

मी एकच प्रश्न विचारला. हॉलमध्ये दिवा का नव्हता?

काका हसायला लागले आणि मध्येच थांबले. म्हणाले, “दिवा कोणासाठी लावेल ती, पोरी?”

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चूक बघायला गेलं तर पत्त्याची आहे, कोर्सची नाही. सिद्ध करायला स्क्रीन बंद केली, माऊस काढून ठेवला, हेडफोन लावले. अंदाज: पूर्ण कोर्स वीस मिनिटं, चौदावी स्क्रीन एक मिनिट.

तेरापर्यंत बरं गेलं.

चौदाव्यावर माझा आवाज म्हणाला: “आग विझवा.” त्यानंतर काही नाही. एक कळ दाबली. “चित्र.” पुन्हा. “चित्र.” पुन्हा. “चित्र.” पुन्हा. “चित्र.” पुन्हा. “आग विझवा.” चित्रांना वाचून दाखवता येईल असं वर्णन असलं पाहिजे, हे मला माहीत आहे. वर्णन होतं. ‘चित्र’ असं. तपासणी सॉफ्टवेअर वर्णन आहे की नाही एवढंच बघतं.

चव्वेचाळीस मिनिटं. ‘पुढे’चं बटण उमटलं नाही. स्क्रीन चालू केली तेव्हा आग तशीच जळत होती.

तिने हे पस्तीसेक सकाळी केलं आहे. मी चव्वेचाळिसाव्या मिनिटाला हेडफोन काढून टेबलावर आपटले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

११ सप्टेंबरचा मेल उघडला. सहा ओळी.

“बाई, दाखला मिळाला. तो वाचून दाखवला गेला नाही, कारण तो फोटो आहे. शेजारच्या मुलीने वाचला. शंभर गुणांबद्दल अभिनंदन. चौदाव्या स्क्रीनवर ओढण्याऐवजी साधा प्रश्न विचाराल का? विजेच्या आगीला कोणतं नळकांडं, चार पर्याय. उत्तर मला येतं. कार्बन डायऑक्साइडचं, दारापासून सात पावलं, डाव्या हाताला. माझ्यानंतर माझी बायको बसणार आहे, तिचा ताप वाचेल. दोब्रिन.”

पाठवून चार दिवसांनी तो गेला.

खाली उतरले. दारापासून सात पावलं, डाव्या हाताला. होतं. अडीच महिने रोज तिथून जाते. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

खणातले गहू आता खाण्यासारखे नाहीत, साखर दगड झाली आहे. जे म्हणायचं असतं ते म्हटलं. खोलीत कोणी नव्हतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर. सकाळी ११.४०

शनिवार-रविवार काम केलं. चौदाव्या स्क्रीनवर आता प्रश्न आणि चार पर्याय. लाल अक्षरं वाचून दाखवली जातात. दाखला मजकुरात. पुन्हा तपासणी: १०० पैकी ९६. सॉफ्टवेअरला नवीन स्क्रीन ‘कमी आकर्षक’ वाटते.

सोफियाला कळवलं की अठरा प्रमाणपत्रं फोरमनची आहेत, परत घ्यावी लागतील आणि मुदत वाढवावी लागेल. मोठ्या साहेबांनी या वेळी अंगठा पाठवला नाही. तिकीट रद्द केलं.

वेलामावशीसाठी नवीन खातं उघडायला बोंचोकाकांना निरोप घेऊन पाठवलं. ते एकटेच परत आले. म्हणाले, ती अजून रोज ६.१० ला येऊन बसते. कॉम्प्युटर गप्प असतो, तरी बसते. “मी म्हटलं, अगं, आता तुझ्या नावाचं खातं होणार. तर म्हणते, नावाचं राहू दे, सकाळी एकदा त्याचं नाव कानावर पडायचं, तेवढंच होतं. ती पोरगी त्याचं नाव घेताना शेवटी जरा हसते, तुम्ही ऐकलंय का म्हणे.”

काका गेले.

मग मेल लिहिला. पहिला मसुदा दीड पानांचा, सहा मुद्द्यांचा झाला. पुसला. पाठवलेला मजकूर नोंदीसाठी इथे उतरवते. पत्ता त्या दोघांचाच. माझ्याकडे दुसरा नाही.

“वेला काराइव्हानोव्हा यांस,

चौदावी स्क्रीन तुमच्या यजमानांनी सांगितली होती तशी केली आहे. ती आधीच करायला हवी होती. त्यांचा मेल मी उघडला नव्हता. ८ तारखेला खातं मी बंद केलं, कारण मला भीती वाटली.

नवीन खातं तयार आहे. प्रमाणपत्रावर तुमचंच नाव येईल. सुरुवातीच्या हाकेत मात्र कोणाचं नाव ठेवायचं ते तुम्ही सांगा. त्यांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, ते पुसलेलं नाही. तुमचं नाव मी अजून एकदाही रेकॉर्ड केलेलं नाही.

कृपया शुक्रवार, २२ नोव्हेंबरपर्यंत कळवावे. मी रोज ६.१० ला हॉलमध्ये असेन.

यानित्सा”