नाना, यंदाचा त्रिशंकू कोण पास करणार?

प्रिय नाना,

बांबूची चौकट मी बांधली, कापड मी ताणलं, पांढरं अस्तर मी मारलं. त्रिशंकूच्या पायाची नखंसुद्धा माझ्याच ब्रशची, आणि हा हात कुठल्या आर्ट स्कूलची पायरी न चढता तयार झालाय. चित्र चोख आहे. फक्त तुमचा होकार नाही, म्हणून लिहितोय. गणपती तोंडावर आले आणि तुमच्याशिवाय हे पहिलंच वर्ष.

आपला नियम किती सरळ होता! मी जळगावचा पेंटर, पण माझा फलक तुमच्या धुळ्यात लागायचा: रेल्वेच्या मेन लाईनची वाट बघत अधांतरी लटकलेला धुळेकर त्रिशंकू. तुमचा लागायचा आमच्या सोनं-सराफ्याच्या जळगावात: सोन्याचं सिंहासन उन्हानं तापलं म्हणून उभाच राहिलेला कुबेर. ज्याची टिंगल, त्याच्याच चौकात. आणि कच्चं चित्र आधी दुसऱ्यानं पास करायचं.

पहिल्या वर्षी मी त्रिशंकू सरळ लटकवला होता. तुमचा फोन आला, "भाऊ, त्रिशंकूनं डोकं खाले राहास. टिंगल कर, पन पुराण तरी बराबर ठेव."

मला राग आला. पण अख्खा फलक पुसून पुन्हा काढला.

मीही सोडलं नाही. तुम्ही कुबेराला हत्तीवर बसवलंत, तेव्हा कळवलं, "नाना, कुबेराचं वाहन माणूस." पुढच्या वर्षी तुमचा कुबेर एका माणसाच्या खांद्यावर आला. त्या माणसाला चष्मा माझा, मिशा माझ्या!

चित्रं सगळी दाखवायचात. दुखणं तेवढं का नाही दाखवलंत?

परवा आमच्या गणेश मंडळाचे नवे देणगीदार, एक शेठ, दुकानात आले. म्हणाले, "यंदा कुबेर नको. त्रिशंकूच लावा, इथे जळगावात, डबल साईजचा. धुळ्यात आता उत्तर द्यायला आहे कोण?"

तेच मला लागलं. समोर धुळेकर उभा नसताना धुळ्यावर हसायचं, याला आपण कधी टिंगल म्हटलं नाही.

तेव्हा शब्द देतो. यंदा जळगावचा कुबेर मीच काढीन, माझ्याच खांद्यावर, चष्म्यासकट. त्रिशंकू घेऊन धुळ्याला वहिनींकडे येईन. त्यांनी पास केला तर तुमच्या दुकानापुढे लागेल, नाहीतर गुंडाळून परत आणीन.

शेठ पन्नास हजार देत होते. मी नाही म्हटलं.

तुमचा,
जळगावचा भाऊ