पालथा मोबाईल

मंगळवार, संध्याकाळ. कळंबा.

आज मी आबांना सरळ नाही म्हणाले. माझी धाकटी बहीण सुमी दहावीत आहे. जेवतानाही तिचा मोबाईल ताटाशेजारी पालथा असतो आणि काही विचारलं की ती उठून जाते. म्हणून आबांनी मलाच गाठलं.

"तू शिकल्याली हाईस. गुपचूप त्ये ॲप घाल की तिच्या मोबाईलात. कुणाशी बोलती, समदं दिसतंय म्हणं."

"मी कॉलेजला जायचे, तेव्हा कधी माझ्या मागं आलात?"

"तवा तुझा बटणाचा मोबाईल हुता."

आई हसली. मला हसू आलं नाही. घरातली पहिली पदवी मी काय बहिणीवर पाळत ठेवायला घेतली?

"तिलाच विचारा," मी म्हणाले.

आबा खरंच तिच्या दारात जाऊन उभे राहिले. "सुमे, काय लपिवतीस?"

"न्हाय सांगणार."

ते परत आले, माझ्याकडं बघत, जणू माझंच चुकलं. चुकलं का? उद्या काही वाईट झालं तर? भीती मलाही वाटते.

मोबाईल चार्जिंगला लावून सुमी आत्ता म्हशीला पाणी पाजायला गेलीय. तो समोरच आहे, पालथा. पासवर्ड मला ठाऊक आहे. मी हे लिहीत असताना तो दोनदा थरथरला.

सरळ करणार नाही. उद्या मीही तिलाच विचारीन, आणि परवाही.