थोरल्यापासून नावं

१६ नोव्हेंबर, रविवार
उपासनेहून येऊन पदर खोचला तोच बेल. दारात चाळिशीकडे झुकलेला माणूस, हातात हेल्मेट. वाटलं, पाण्याच्या मोटरचं काम करायला आला. म्हटलं, मोटर खाली आहे, किल्ली वॉचमनकडे. हलेना. "शांतवन गायकवाड इथंच राहतात ना?" मग नीट पाहिलं. आमच्या लग्नाच्या अल्बममधला नवरदेव! फक्त पोट सुटलेला.
शां. बाथरूममधून बाहेर आला, टॉवेलवर. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "मी गजानन. बदलापूरच्या सुमनचा मुलगा. आई बोलली, तुम्ही माझे..." पुढचा शब्द ऐकायला शां. थांबलाच नाही. परत आत गेला आणि कडी लावून घेतली.
चहा मी केला. कुणीतरी करायला हवाच होता.

१७ नोव्हें., सोम.
शां.कडून सगळं काढून घेतलं. लग्नाआधी बदलापूरला खोली घेऊन राहायचा, एमआयडीसीत नवा लागलेला. घरमालकाची पुतणी सुमन. आपण ख्रिस्ती, ते हिंदू, तिच्या घरच्यांनी घाईघाईने तिचं दुसरीकडे लावून दिलं. मूल आहे हे याला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. खरं असावं. खोटं बोलताना याचे कान लाल होतात, काल पांढरे पडले होते.
कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर मी नोकरी केली. अख्ख्या एमआयडीसीची लफडी या कानांनी ऐकली. घरचं तेवढं कानावर आलं नाही.
कालपासून रोजनिशीत याला एकेरी. तोंडावर अहोच, सवय.
माझ्या आधीचं आहे, माझं काही गेलेलं नाही. मग भांडी का आपटतेय? दोन कप फुटले. एक मुद्दाम.

१९ नोव्हें.
रूथला सांगितलं. बँकेतून दमून आलेली पोरगी सोफ्यावर चढून नाचली. "मला दादा! आणि तोही आयता, नोकरीधंद्याला लागलेला!" नोकरी नाही, गजाननचा (यापुढे ग.) मंडपाचा धंदा आहे. लग्न झालंय. त्याला वाढवणारे वडील गेल्या वर्षी वारले. ते असेपर्यंत आईने तोंड उघडलं नाही.
रूथ म्हणाली, जेवायला बोलव. म्हटलं, बघू. बघू म्हणेपर्यंत तिने फोन करून टाकला होता.

२७ नोव्हें., गुरु.
आजची फजिती.
येशूच्या दाखल्यात उधळा मुलगा घरी परततो आणि बाप वासरू कापून मेजवानी देतो; आमच्याकडे उधळा बाप. पण परत आला म्हटल्यावर पुष्ट वासरू हवंच. मटण रस्सा, सुकं मटण, कलेजी. सकाळपासून राबले. नावच मार्था, बायबलातल्या रांधणाऱ्या बाईचं, स्वयंपाकघर चुकणार कसं?
जेवणाआधी शां.ने प्रार्थना केली. घाबरला की लांबण लावतो. प्रार्थनेत सीमेवरचे जवान आले, आजारी आले, प्रवासी आले, राष्ट्रपतीही येऊन गेल्या. समोर बसलेला तेवढा आला नाही.
आमेन झालं. मी वाढायला घेतलं. ग. ताटाकडे बघून घाम पुसायला लागला. "काकू, आज गुरुवार. मार्गशीर्ष. घरी घट मांडलाय."
जन्म गेला माझा या शेजारात. मजल्यावरच्या सगळ्या बायका आज पोथी वाचत असणार, सकाळी जिन्यात फुलंही दिसली होती. आणि मी कलेजी परतत होते! घरात भात सोडला तर एक पदार्थ असा नव्हता ज्यात बकरा नाही. शेवटी भात, दही, केळी आणि रूथचा जॅम. पोटभर जेवला म्हणाला. निघताना वाकून पाया पडला, दोघांच्या.
माणूस वाईट नाही. हेच अवघड झालंय.

३० नोव्हें., रवि.
शां.ने कमाल केली. ग. ला "चर्च बघायला ये" म्हणून बोलावून घेतलं. रूथ खूश. उपासना सुटली, कमिटीची माणसं जवळ आली, आणि शां.ने मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून दिली, "हे बदलापूरचे मंडपवाले."
कान टोमॅटोसारखे.
ग. ने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खिशातून टेप काढून अंगण मोजायला लागला. नाताळाचा मांडव आता त्याच्याकडे. पोटचा पोर नाकारला आणि वर काम लावलं!
घरी आल्यावर बोलले. सगळं लिहीत नाही. शां.चं एकच पालुपद, "लोक काय म्हणतील? मी कमिटीवर आहे." म्हटलं, लोक तुमच्याकडे बघणारच नाहीत, माझ्याकडे बघतील. कीव करतील. कीव मला सोसत नाही, तरी मी तयार आहे. तुम्हाला काय धाड भरलीय?

७ डिसें.
उपासनेनंतर परस्पर उल्हासनगर, कॅम्प दोन. नाताळचं कापड. दरवर्षी एकाच ताग्यातून सगळ्यांचं शिवायचं, ही सासूबाईंपासूनची रीत. बँडवाले दिसतो, दिसू दे.
नेहमीचे सिंधी शेठ. "दीदी, हर साल जितना?"
"एक शर्ट का जादा."
"अरे वा! जमाई आया?"
"नहीं. बेटा."
तोंडातून गेलं. मराठीत अजून एकदाही म्हटलं नव्हतं. शेठने कापड फाडता फाडता वर पाहिलं, "इतना बड़ा बेटा कहाँ छुपा के रखा था?" म्हटलं, तेच मीही विचारतेय.
माप कुठलं द्यायचं? तोंड हुबेहूब शां.चं, म्हणून मास्तरला शां.चंच माप दिलं.

१४ डिसें.
पुढचा रविवार नाताळाआधीचा. एकेक कुटुंब पुढे जातं, घरचा कर्ता थोरल्यापासून मुलांची नावं घेतो, मग बायकोचं, पाळकसाहेब हात ठेवून प्रार्थना करतात. आमचं दरवर्षी झटक्यात आटपतं: रूथ, मार्था, आमेन.
रूथ जेवताना सहज बोलल्यासारखी, "पप्पा, थोरल्यापासून म्हणजे यंदा मी दुसरी ना?"
शां.ला ठसका.
मी पाणी दिलं आणि सांगितलं, ग. चं नाव घेणार असाल तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन. नसाल तर पुढे एकटे जा. कुटुंब म्हणून स्वतःचंच नाव सांगा.
दुपारभर आरशासमोर पुटपुटत होता. दार लोटलेलं, पण ऐकू येत होतं.

२१ डिसें., रवि.
सकाळी ग. आला. शर्ट घातला. वरचं बटण लागलं, बाकीच्यांनी नकार दिला. तोंड बापाचं, पोट स्वतःचं! बिचारा आतल्या टी-शर्टवर जाकिटासारखा घालून आला, आणि चर्चमध्ये शेवटच्या रांगेत, दाराशी बसला.
आमची पाळी आली. आम्ही तिघं पुढे. मी शां.चं कोपर धरलं. पाळकसाहेब थांबले. सगळं चर्च थांबलं. मला वाटलं, हा आता पुन्हा राष्ट्रपतींपासून सुरू करतो.
"गजानन," शां. म्हणाला. मोठ्याने. "माझा थोरला. मला उशिरा कळलं. रूथ, धाकटी." आणि पुढे माझं नावच आठवेना! एवढा संसार करून! पाळकसाहेबांनी हळूच "मार्थाबाई" म्हणून वेळ सांभाळली.
सगळ्या माना मागे वळल्या. ग. उभा राहिला. पण जागेवरच. पुढे आला नाही. पाळकसाहेबांनी शेवटी लांबूनच त्याच्याकडे हात उंच केला.
बाहेर बायकांनी मला घेरलं, हात दाबायला लागल्या. म्हटलं, सोडा, कुणी गेलेलं नाही, एक वाढलाय.
ग. मांडवाच्या दोऱ्या आवळत होता. शां. जवळ गेला, मी मागे. ग. म्हणाला, "काका, नाव घेतलंत, बरं वाटलं. खोटं नाय बोलत. पण पुढे नाय येणार. मला बाप होता. खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याने मला. तुमच्या लाइनीत उभा राहिलो तर त्याला कुठे ठेवू? मी फक्त बघायला आलेलो, माझं तोंड कुठनं आलं ते."
शां. दोरीचं दुसरं टोक धरून उभा राहिला.
मला आधी रागच आला. इतक्या दिवसांची आमची उलघाल, आणि हा म्हणतो नको! त्याला घ्यायचं की नाही, हे जणू आमच्याच हातात होतं. घरी येऊन रडले. त्या गेलेल्या माणसासाठी. ओळख ना पाळख, पण पोर चांगलं वाढवलंय.
रोजनिशीत आजपासून पुन्हा आदरार्थी. शां.नी नाव घेतलं, तेही न अडखळता. माझ्या नावाचं नंतर बघून घेईन.

२५ डिसें.
नाताळ. ग. आला, बायकोने केलेली नारळाची वडी घेऊन. फोटोला उभे राहिलो तर म्हणाला, "थांबा, मी काढतो." त्यामुळे एकाच कापडातले आम्ही तिघं फोटोत आणि चौथा फोटोबाहेर. रूथने नंतर त्याला ओढून सेल्फी काढला. त्यात शां.चं अर्धं टक्कल आणि ग. चा एक कान आलाय. कान लाल आहे.
निघताना दारात म्हणाला, "आई विचारते, तुम्ही दोघं कधी येणार? रविवारी या."
शां. म्हणाले, "बघू." कुणाचं काय, तर यांचा गुडघा तेवढ्यात दुखायला लागला.

२८ डिसें., रवि.
उभ्याने लिहितेय. ग. रिक्षा घेऊन खाली आलाय. शां. पलंगावर बसून आहेत, एक मोजा घातलेला. गुडघा, मग पित्त, आता म्हणतात, "तू जाऊन ये, माझा सलाम सांग." म्हटलं, तिला सलाम नकोय, माणूस बघायचाय.
खरं तर मलाच जायचंय. सुमनशी भांडायला नाही. तिला विचारायचंय, इतकी वर्षं पोराच्या तोंडावर यांचं तोंड रोज बघून तिने काय केलं? आणि मला भीतीही वाटतेय. तिथे भिंतीवर त्या वडिलांचा हार घातलेला फोटो असेल. त्याच्यासमोर आम्ही कोण म्हणून बसायचं?
खालून हाक आली, "काकू, निघायचं ना?"
खिडकीत जाऊन ओरडले, "थांब जरा, तुझे..." आणि पुढे कुठला शब्द घालावा ते कळेना. खाली तोही मान वर करून थांबला, मी काय म्हणते ते ऐकायला.
"हे येताहेत," म्हटलं.
मागे वळले तर शां. पलंगाखाली वाकून दुसरा मोजा शोधत होते.