हातभर दोर

कापडे, रविवार, एप्रिल १९३१

मधासाठी कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर बायकोच्या भावानेच धरायचा, ही इथली रीत. बहीण विधवा होईल म्हणून तो सोडत नाही. मागणी घालायचं धाडस नव्हतं, म्हणून आज सगळ्यांदेखत मी दोर चंद्राच्या भावाच्या, गोविंदाच्या हाती दिला. मूर्ख मी!

अर्ध्या कड्यावर त्याने मला थांबवलं.

"कालेजवाल्या, मी तुजा मेव्हणा हाय काय रे?" वर सगळे खिदळले. "चंद्री माझी बहीण, असं वरड. मंग वढतो."

दोर हातभर सुटला. मी ओरडलो. दोनदा. दुसऱ्यांदा तर त्याने सांगितलंही नव्हतं.

खाली मडकं घेऊन चंद्रा उभी होती.

वर ओढल्यावर गोविंदाने पाठ थोपटली. "भाऊबीजंला ये हां."

हातभरच सुटला होता दोर. हातभर!