घर चकाचक आहे, एवढ्यात येऊ नकोस

प्रिय बाईसरकार,

फोन केलास की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, घराचं कसं चाललंय? माझं उत्तरही ठरलेलं, ठीक. त्या 'ठीक'वर तुझा काडीचा विश्वास नाही, हे मला ठाऊक आहे. समोरच्या खोलीत शिलाईचं मशीन, घरभर दोरे आणि टाचण्या, आणि राहणारे कोण, तर माझे बाबा, शाळेत जाणारी चिमणी आणि मी. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरला अशा घराची धास्ती वाटली तर तिचं काय चुकलं? पण परवा तू म्हणालीस की तिकडचा नर्सिंगचा कोर्स अर्ध्यावर सोडून परत यावंसं वाटतंय, घराचा उकिरडा व्हायच्या आत. मी नुसतं 'बघू' म्हणालो आणि फोन ठेवला. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. दारात गिऱ्हाईक उभं असतं आणि माझ्या तोंडात टाचण्या असतात. म्हणून आज मशीनवर झाकण घातलं, हात धुतले आणि लिहायला बसलोय.

तर ऐक. तुझा थिएटरमधला कायदा घरात अजून लागू आहे. वरून खाली यायचं, स्वच्छ भागाकडून घाणेरड्या भागाकडे जायचं आणि कोरड्या फडक्याने धूळ इकडून तिकडे उडवायची नाही. बाबांनी पंखे स्वतःच्या अखत्यारीत घेतलेत. ते स्टुलावर चढतात, जुना अभ्रा पात्यावर चढवतात आणि ओढून घेतात, सगळी धूळ आत. मी खाली स्टूल धरून उभा राहतो आणि ते मला वरून शिकवत असतात. चिमणीकडे टाचण्यांचं खातं आहे. लोहचुंबकाला नाडी बांधून ती शाळेत जायच्या आधी समोरच्या खोलीभर फिरवते, कुत्र्याला फिरायला न्यावं तशी. त्याला नावही ठेवलंय, पण ते तुला तीच सांगणार म्हणते. मी केर काढतो. दोरे झाडूला गुंडाळले जातात म्हणून तू किती कावायचीस! आता मी झाडूवर ओलं फडकं बांधतो, दोरे त्याला चिकटून येतात. हा शोध माझा एकट्याचा आहे, त्याचं श्रेय बाबांना देऊ नकोस.

वेळ कुठून काढता, असं विचारशील. मुद्दाम काढत नाही. दूध तापेपर्यंत ओटा, चिमणीचं दप्तर भरून होईपर्यंत बेसिन, इस्त्री गरम होईपर्यंत चपलांचा कोपरा. रविवारी अख्खा दिवस कंबर कसून साफसफाई करायची आणि मग दोन दिवस कंबर धरून बसायचं, हे आम्ही बंद केलं. तुला हे आधी सुचलं नाही, असं म्हणायची माझी हिंमत नाही. तुला सुचलं होतं, आम्हीच ऐकत नव्हतो.

एक घोळ मात्र झाला आणि तो तुझ्याच नियमामुळे. कोणत्याही खोलीतून रिकाम्या हाताने बाहेर पडायचं नाही, वाटेत जे दिसेल ते त्याच्या जागी न्यायचं, हा तुझा नियम आम्ही फारच मनावर घेतला. शाळेच्या हेडमास्तरांची पँट कमरेत सैल करायला आली होती. ती मी शिवून खुर्चीवर ठेवली. चिमणीने ती खुर्चीवरून उचलून पलंगावर नेली. मला पलंगावर पँट दिसली, बाबांची समजून मी ती न बघताच धुवायच्या कपड्यांत टाकली. बाबांनी धुतली, वाळवली, घडी केली आणि आपल्या कपाटात ठेवली. शनिवारी हेडमास्तर पँट न्यायला आले. मी सगळं दुकान पालथं घातलं, ते बिचारे चहा पीत बसून राहिले. तेवढ्यात बाबा भाजी घेऊन आले, तीच पँट घालून. वर मला म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी माझ्या मापाची नीट शिवलीस रे." हेडमास्तरांनी पँटकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जमिनीत गडप व्हायचाच बाकी होतो. पण माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, राहू द्या आता, त्यांना जास्त शोभते. मी त्यांना दुसरी शिवून दिली. आता खुर्चीवर चिमणीने पाटी लावली आहे, 'ही जागा गिऱ्हाइकांच्या कपड्यांची, हात लावू नये'. बाबा त्या पाटीवरची धूळही रोज पुसतात.

सगळंच छान आहे असं सांगून तुला फसवणार नाही. खिडक्यांच्या काचांवर पुसल्याचे फराटे राहतात. कपाटाच्या डोक्यावर काय परिस्थिती आहे ते बघायला कुणी चढलेलं नाही. मोरीतली फरशी घासायची पाळी आली की बाबांचा गुडघा दुखतो आणि चिमणीचा गृहपाठ निघतो. आणि दाराजवळच्या भिंतीवर एक डाग आहे. ड्यूटीला निघताना बूट चढवायला तू तिथे हात टेकायचीस ना, त्याचा तळव्याएवढा काळपट ठसा. बाबांनी परवा ती भिंत पुसली. वरून खाली, अगदी तुझ्या पद्धतीने. ठशापाशी आले तेव्हा त्याला वळसा घालून पुढे गेले. चिमणीही तेच करते. काल माझी पाळी होती तेव्हा मीही तेच केलं.

आता हे पत्र खरं कशासाठी लिहितोय ते सांगतो. तुझ्या इथल्या हॉस्पिटलातली मैत्रीण काल बाह्या आखूड करून घ्यायला आली होती. तिला वाटलं मला माहीत असेल, म्हणून बोलून गेली की तू फक्त बोलली नाहीस, कोर्स सोडायचा अर्ज देऊन मोकळीही झालीस, कारण घर. तुझ्या मॅडमनी तो अजून पुढे पाठवलेला नाही, तू तो परत घेशील याची त्या वाट बघताहेत, कारण सगळ्या तुकडीत तुझ्यासारखा हात दुसरा नाही, असं त्या म्हणाल्या म्हणे. बाई, हाच कोर्स तू चिमणीच्या वेळी एकदा सोडला होतास. तेव्हा तू एका शब्दाने तक्रार केली नाहीस, पण आठवडाभर फरशी अशी घासत होतीस की तुझ्या हातांची सालं निघाली, आणि मी मशीनवर बसून ते बघत होतो. ते मला पुन्हा बघायचं नाही. घर आम्ही सांभाळतोय, ते वर लिहिलंच आहे, त्यात फार तर चार आणे खोटं असेल. तू नाहीस म्हणून घराचं काही अडत नाही. आमचं अडतं. मला जेवण जात नाही, चिमणी पलंगावर तुझ्या जागी झोपते आणि बाबा रोज विचारतात, आज फोन आला का. पण ते काम फडक्याने होणारं नाही आणि त्यासाठी तू अर्ज द्यायचीही गरज नाही. आम्ही थांबतो. उद्या ती मैत्रीण तिकडे येते आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि दोन नवे गणवेश पाठवतोय, उरलेल्या कोर्ससाठी. खिसे खोल ठेवलेत, कंबर जरा सैल ठेवली आहे, कारण तिकडे तू जेवतेस असं मी धरून चाललोय. मॅडमकडे जा, अर्ज परत घे आणि यातला एक घालून वर्गात जाऊन बस.

तुझाच,
दोरेवाला