सात दिवसांची पूर्वसूचना

मी, व्हर्लिन ऑगस्ट हॉगस्टॅड, वय ७९, माजी आमदार, सध्या मुक्काम मेडोलार्क वृद्धाश्रम, खोली १४, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवतो. दबाव मला ओळखता येतो. तो आणण्यावरच मी एकवीस वर्षं पोट भरलं.

१. एल्म फोर्कचं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी कार्ना हिला. तळघरातली विधानसभेची खुर्चीही तिचीच. बारा वर्षं त्या खुर्चीवर बसलो, मग ती विकत घेतली. खुर्चीचा डावा हात सैल आहे, कारण शेजारच्या बाकावरची मार्लिस ड्वोराक बोलायला वाकली की त्याच्यावर रेलायची. कार्ना, तो दुरुस्त करू नकोस.

२. मार्लिस विरोधी पक्षाची. तिची आई एका वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळून, पाठीला जखमा होऊन गेली. आम्ही दोघांनी मिळून कायदा आणला की सरकारी तपासनीस वृद्धाश्रमांत न कळवता येतील. मंजूर झाला तेव्हा ती रडली. मीही रडलो. माझ्या हातून झालेलं चांगलं काम एवढंच.

३. पुढच्या निवडणुकीत पडलो. वृद्धाश्रम चालकांच्या संघटनेने आमदारांची मनं वळवायला मला नेमलं. मार्लिस म्हणाली, "काल शेजारी बसायचास, आता दाराबाहेर उभा. पाय दुखले तर सांग हो, खुर्ची देते."

काही वर्षांनी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सगळे जेवणासाठी खोळंबलेले असताना मी एका जाडजूड आरोग्य विधेयकात एक ओळ घालून घेतली: तपासणीची सूचना सात दिवस आधी द्यावी. ती कोणी वाचली नाही. मार्लिसने वाचली, पण मतदान झाल्यावर. बाहेर येऊन म्हणाली, "माझी आई सात दिवस आधी कळवून मेली नव्हती, व्हर्लिन." याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. मला लाज वाटली, पण पगार मी घेत राहिलो.

४. संघटनेचे अध्यक्ष डुएन राश यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांनी वाढदिवसाला पाठवलेली फळांची टोपली त्यांना परत करावी. फळं मी खाल्ली आहेत.

५. माझी कार्डांची पेटी मार्लिसला, ती अजून निवडून येते म्हणून. दर आमदाराचं एक कार्ड आहे: कोण कशाने विरघळतो, कोणाला कोण नको. चौतीस कार्डांवर लाल खूण आहे. त्यांचे आईवडील वृद्धाश्रमात आहेत. मी त्यांच्या वाटेला कधी गेलो नाही. मार्लिस, तू तिथूनच सुरुवात कर.

६. हयातीत तोंड न उघडण्याचा करार मी संघटनेशी केलेला आहे. मेल्यानंतरचं त्यात काही नाही. मसुदा मीच केला होता. मृत्युपत्र कोर्टात दाखल झालं की कोणीही वाचू शकतो. तिसरं कलम मार्लिसने समितीपुढे मोठ्याने वाचावं. ओळ रद्द झाली तर मला कळवायची गरज नाही.

७. हा कागद तीन आठवडे तयार आहे, पण साक्षीदार मिळेनात. मंगळवारी चाळीस मिनिटं घंटा वाजवली, तेव्हा मदतनीस रोझाल्वा आली. आमच्या मजल्यावर कामाला ती एकटीच.

"आजोबा, मी सही करत बसले तर बावीस जणांना भरवणार कोण? आणि मी एकटी, तुम्हाला दोघं लागतात. गुरुवारपर्यंत थांबा की! तपासणी आहे ना, त्या दिवशी माणसंच माणसं असतात."

आज गुरुवार. चादर बदलली आहे, सूप गरम आहे. घंटा वाजवली आणि एका मिनिटात तिघं धावत आले. त्यातल्या दोघांना मी थांबवून घेतलं.

एल्म फोर्क, गुरुवार, १२ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

(सही) व्हर्लिन ऑ. हॉगस्टॅड

आमच्या समक्ष सही झाली:
१. (सही) डेरिल विंटर्स, मदतनीस, नेमणूक आजपुरती
२. (सही) जोलीन पाश्के, मदतनीस, नेमणूक आजपुरती