भोंगा थांबेपर्यंत

४ जून
आज रुजू झाले. पूर-सूचना केंद्र म्हणजे नदीला अगदी लागून असलेली एक खोली. टेबल, खाट, पाणीपातळीचं यंत्र आणि हाताने फिरवायचा भोंगा. दार लोखंडी, खिडकीला गज. खिडकीतून खालची आळी पूर्ण दिसते. डबा शेजारच्या काकू आणतात. पहिल्याच दिवशी त्या मला 'अगं' म्हणू लागल्या. पूरसमिती मास्तरांकडे आहे. एकोणीस वर्षांत गावातलं एकही माणूस पुरात गेलं नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. अशा गावात काम करायला मजा येईल.

१२ जून
गावाला आधी कळवून सराव घेतला. पाच मिनिटं भोंगा वाजवला. टेकडीवर कोणी गेलं नाही. दुकानासमोरच्या मंडळींनी मॅडमचा बाजा झकास आहे, लग्नाला सांगावा लागेल, असं म्हणून हसून घेतलं. काकू म्हणाल्या, फार पूर्वीचे एक साहेब ऊठसूट वाजवायचे, धावून धावून गाव कंटाळलं. मी सूचनापत्रक नव्याने लिहिलं: भोंगा वाजला की निघा.

२० जून
मास्तरांनी पत्रक परत पाठवलं. 'वाजला' खोडून 'थांबला' केलंय. नजरचूक असेल म्हणून मी दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा खोडलं.

२७ जून
माझ्या आधीच्या अधिकाऱ्याची बदली कुठे झाली, हे कार्यालयाला विचारलं. बदली झालीच नव्हती. त्याच्या आधीच्याचीही नाही. दोघांच्या नावापुढे एकच शेरा: कर्तव्यावर असताना मृत्यू.
काकूंनी भाजी वाढता वाढता सगळं सांगितलं. साहेब खोटं वाजवू शकतात, पण भोंगा थांबला म्हणजे पाणी खरंच पोचलं. मग गाव निघतं. एक साहेब मधेच पळाले. गाव दिवसभर पावसात टेकडीवर उगाच कुडकुडलं. पोरांचे फार हाल झाले, म्हणाल्या.
म्हणून दाराला बाहेरून कडी आहे.

२९ जून
बदलीचा अर्ज केला. दुसरा माणूस मिळेपर्यंत थांबा, असं उत्तर आलं. कडी काढायला लोहाराला बोलावलं. हो म्हणाला. आला नाही.

५ जुलै, सकाळी ८.२०
तासाभरात ९० सेंटिमीटर वाढ. दार उघडत नाही. डबा देऊन काकू आत्ताच गेल्या. आज डब्यात गोड होतं.

८.५०
फोन बंद. भोंगा चालू. आळीतले सगळे दारात उभे. गाठोडी बांधलेली. कोणी हलत नाही— ऐकताहेत.

९.३५
पाणी कमरेला. गजांतून ओरडले. मास्तरांनी ऐकलं. लोकांना हाताने खूण केली— थांबा, अजून वाजतोय.

१०.०५
उजव्या हाताने भोंगा, डाव्याने हे. आळीच्या पायऱ्या बुडाल्या. काकूंच्या कडेवर नात. मी फिरवत राहिले तर ती पोर तिथेच— थांबवला तर माझ्याकडे कोणीच—
छातीपर्यंत.

१०.१२
थांबवला.
निघाले. सगळे. रांगेत, किती शिस्तीत. काकू शेवटी. एकदा तरी वळून